लेगोची फिल्म करताय? आधी एक आकडा ठरवा

सुट्टी लागली की माळ्यावरचा खेळण्यांचा डबा खाली येतो. पण हल्ली मुलांचं नुसतं ठोकळे जोडून घर किंवा गाडी बांधण्यावर समाधान होत नाही. घर बांधून झालं की लगेच, "मम्मी, तुझा फोन दे ना, फिल्म करायची आहे."

फिल्म म्हणजे स्टॉप मोशन. लेगोचा माणूस ठेवायचा, फोटो काढायचा, माणूस जरासा सरकवायचा, पुन्हा फोटो. असे सगळे फोटो भराभर दाखवले की तो माणूस चालायला लागतो. त्यासाठी फोनवर मोफत ॲप्स मिळतात. स्टँड नसला तरी पुस्तकांच्या चळतीला टेकवून फोन उभा राहतो. तर मग अडतं कुठे?

अडतं एका आकड्यावर. ॲपच्या सेटिंगमध्ये एक सरकपट्टी असते, तिच्या शेजारी एफपीएस असं लिहिलेलं असतं. म्हणजे एका सेकंदात किती फोटो दाखवायचे, तो फ्रेम रेट. बहुतेक जण ती पट्टी कुठेतरी सरकवतात आणि कामाला लागतात. मीही तेच केलं होतं, म्हणून हा लेख.

मावशीचा शहाणपणा

माझी ताई बडोद्यात असते. तिचे सासरे रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या पंचाहत्तरीला माझ्या दहा वर्षांच्या भाच्याने त्यांना एक मिनिटाची लेगो फिल्म भेट द्यायचं ठरवलं. गोष्ट त्यानेच लिहिली. स्टेशनवर गाडी येते. लेगोचे आजोबा ऐटीत फलाटावरून चालत जातात, हिरवा झेंडा दाखवतात, गाडी सुटते आणि मग त्यांच्या लक्षात येतं की आपण स्वतः चढायचंच विसरलो. पुढे सगळी धावाधाव. गोष्ट ऐकूनच मी खूश झाले.

मी आठवडाभर सुट्टी काढून तिथे गेलेली. दिग्दर्शकसाहेबांनी विचारलं, "मावशी, एफपीएस किती ठेवू?"

मी म्हटलं, "चोवीस. सिनेमा चोवीसवरच असतो."

उत्तर चूक नव्हतं, पण विचार न करता दिलेलं होतं. तीन संध्याकाळी आम्ही जमिनीवर पोटावर पडून काम केलं. रोज साधारण ७२ फोटो. तिसऱ्या दिवशी रात्री २१६ फोटो झाले आणि आम्ही मोठ्या उत्साहाने प्लेचं बटण दाबलं. फिल्म ९ सेकंदांत संपली.

भाचा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने वहीत गुणाकार केला. अजून ५१ सेकंद बाकी, म्हणजे १२२४ फोटो, म्हणजे याच वेगाने आणखी १७ संध्याकाळी. वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. "नको करूया मग," असं म्हणून तो वही मिटून झोपायला गेला. मला फार अपराधी वाटलं.

तुमच्या घरी हे होऊ नये म्हणून आधी हा सोपा हिशेब करा. एक फोटो म्हणजे माणूस सरकवणं, हात चौकटीबाहेर घेणं, बटण दाबणं. सगळं धरून साधारण एक मिनिट जातं. मग एका मिनिटाच्या फिल्मला फ्रेम रेट जितका, तितके तास लागतात. १२ ठेवलात तर १२ तास, २४ ठेवलात तर २४ तास. यात पडलेला सेट पुन्हा उभारणं, चहा आणि भांडणं धरलेली नाहीत.

हा २४ आला कुठून?

मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. सेकंदाला कधी १६ चित्रं, कधी १८, कधी त्याहून जास्त. फारसं कुणाचं बिघडत नव्हतं. १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले, आणि चित्रांच्या शेजारीच आवाजाची पट्टी छापली जाऊ लागली. आता वेग कमीजास्त झाला की नायकाचा आवाजही बदलणार. म्हणून एक वेग पक्का करावा लागला, तो २४. म्हणजे हा आकडा ठरला तो आवाजाच्या सोयीसाठी, आणि बाहुल्या सरकवणाऱ्याच्या पाठीचा विचार त्यात कुणीच केला नव्हता!

ॲनिमेशनवाल्यांनी मग त्यातून पळवाट काढली. फिल्म २४ नेच पळू दे, पण प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचं. म्हणजे सेकंदाला हालचाल करायची फक्त १२ वेळा. याला 'ऑन टूज' म्हणतात, आणि जगभरातल्या कितीतरी ॲनिमेशनपटांचं काम असंच चालतं. साधारण १० च्या खाली गेलं की चित्रं सुटी सुटी दिसायला लागतात, १२ ला मात्र डोळा ती जोडून घेतो. थोडा धक्का जाणवतो, पण गोष्ट चांगली असेल तर अर्ध्या मिनिटात आपण तो विसरून जातो.

लेगोच्या फिल्म करणाऱ्यांचा म्हणून एक आवडता आकडा आहे, १५. फोनवरचे आणि कॉम्प्युटरवरचे बरेच व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रांचे असतात, त्यात १५ बरोबर दोनदा बसतं. १२ चं तसं नाही. ३० च्या व्हिडिओत १२ बसवायचं तर काही चित्रं दोनदा आणि काही तीनदा दाखवावी लागतात, त्यामुळे हालचाल किंचित अडखळते. म्हणून १२ घेतलंत तर शेवटी व्हिडिओ सेव्ह करताना २४ निवडा, १५ घेतलंत तर ३० निवडा. पर्याय दिसत नसेल तर सोडून द्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणाच्या लक्षात येणार नाही.

एक आपल्याकडची गोष्ट सांगायचा मोह होतोय. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं, याची छोटी फिल्म एकेक चित्र घेत तयार केली होती. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, तीत काड्यापेटीतल्या काड्या हलत होत्या. एकेक वस्तू सरकवत बसण्याचं हे वेड आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनं आहे तर!

लेगोच्या माणसाला गुडघे नसतात

आता खरा प्रश्न. वेळेचं जाऊ द्या, समजा तुमच्याकडे दोन महिन्यांची सुट्टी आहे. मग तरी २४ घ्यावं का?

लेगोचा माणूस हातात घेऊन बघा. उंची साधारण ४ सेंटिमीटर. पाय कमरेतून पुढेमागे होतात, पण गुडघे नाहीत, कोपरं नाहीत. पायाला खाली भोकं आहेत, ती ठोकळ्यावरच्या गोल टिकल्यांवर बसतात. या टिकलीला स्टड म्हणतात. दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे हा माणूस पाच स्टड उंच आहे.

आपण आरामात चालतो तेव्हा सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. लेगोच्या माणसाचं एक पाऊल दोन स्टडचं धरा. म्हणजे सेकंदाला चार स्टड. १२ च्या हिशेबाने एका स्टडला ३ फोटो येतात. एक पाय स्टडवर घट्ट, दुसरा हवेत, अंग थोडं पुढे कललेलं, मग पाय खाली. सहा फोटोंत एक पाऊल होतं, आणि त्यातल्या बहुतेक फोटोंत एखादा तरी पाय कशावर तरी पकडून उभा असतो.

२४ ला तेच पाऊल बारा फोटोंत करायचं. दर फोटोला माणूस जेमतेम १.३ मिलिमीटर पुढे. तेवढ्या अंतरावर स्टडच नाही! पाय धड बसतही नाही आणि धड सुटतही नाही. मग तो पडतो. पडला की शेजारचा दिवा पाडतो. आमच्या तीन संध्याकाळींपैकी एक तरी पूर्ण संध्याकाळ पडलेले आजोबा उभे करण्यात गेली असेल. चिकटमातीचा बारीक गोळा टाचेखाली लावला तर माणूस कुठेही उभा राहतो, पण दर फोटोला तो गोळा लपवत बसा.

आणि एवढं करून दिसलं काय? आजोबा चालत नव्हते, फलाटावरून घसरत होते. गुडघे नसलेला माणूस लोण्यासारखा मऊ हलला की तो खोटा वाटतो. तोच माणूस थोडा धक्क्याधक्क्याने हलला की वाटतं, हा असाच चालत असणार.

माझं हे मत तुम्हाला घरी केलेल्या कामाचं समर्थन वाटेल, म्हणून एक उदाहरण देते. २०१४ चा 'द लेगो मूव्ही' कॉम्प्युटरवर बनलेला आहे. त्यांना हवी तेवढी गुळगुळीत हालचाल सहज करता आली असती. तरी त्यांनी पात्रांचे हातपाय वाकवले नाहीत आणि अनेक ठिकाणी हालचाल मुद्दाम सेकंदाला १२ वेळाच बदलली, कुणीतरी हाताने सरकवल्यासारखी. २०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये तर याच फरकातून गोष्ट सांगितली आहे. जंगलातल्या प्रसंगात सराईत पीटर २४ ने झुलतो आणि नवशिका माइल्स १२ ने, म्हणून तो अडखळत शिकतोय हे आपल्याला न सांगता कळतं. पुढच्या वेळी बघाल तेव्हा लक्ष द्या.

पण गाडीचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याला म्हटलं, आपण १२ वर जाऊ. त्याने लगेच फोन घेऊन पट्टी २४ वरून १२ वर ओढली आणि प्ले केलं. आजोबा पाण्याखाली चालावेत तसे चालायला लागले. ९ सेकंदांची फिल्म १८ सेकंदांची झाली होती.

ही चूक बरेच जण करतात. पट्टी सरकवल्याने काढलेले फोटो बदलत नाहीत, फक्त ते हळू किंवा भराभर दाखवले जातात. मधेच २४ चे १२ करायचे असतील तर एक सोडून एक फोटो काढून टाकावा लागतो. उलटं मात्र करता येत नाही. १२ ने शूट केलेल्याचे २४ करायचे तर मधले फोटो आणणार कुठून? म्हणून हा आकडा पहिल्या फोटोआधीच ठरवायचा.

"म्हणजे अर्धे डिलीट करायचे?" तो म्हणाला. "एवढे पडलो आम्ही." आम्ही म्हणजे तो आणि आजोबा. त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं. मी आधी सगळ्या प्रोजेक्टची एक कॉपी काढून ठेवली. तुम्हीही ठेवा, मुलांसमोर काही कायमचं डिलीट करू नका. मग आम्ही कॉपीवर प्रयोग केला.

चालण्याचा भाग ६ सेकंदांचा होता, १४४ फोटो. एक सोडून एक काढला, ७२ उरले, आणि प्रत्येक दोनदा दिसेल असं केलं. चालणं सुधारलं! त्यालाही ते पटलं. पण सुरुवातीला ३ सेकंदांत गाडी स्टेशनात येते, तिथे हेच केलं तर सगळा घोटाळा झाला. डबा पुढे येतोय की मागे जातोय तेच कळेना.

यामागे साधं गणित आहे. २४ ला शूट करताना त्याने रुळांमागे कागदी मोजपट्टी चिकटवून गाडी दर फोटोला अर्धा स्टड, म्हणजे ४ मिलिमीटर, सरकवली होती. एक फोटो गाळला की ती एकदम एक स्टड पुढे जाते. आणि डब्याच्या खिडक्या होत्या दोन-दोन स्टडच्या अंतरावर. म्हणजे प्रत्येक नव्या चित्रात खिडकी आधीच्या दोन खिडक्यांच्या बरोबर मध्यावर येत होती. ती मागची पुढे आली की पुढची मागे गेली, डोळ्याने ओळखायचं कसं? जुन्या सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तोच प्रकार.

तेव्हा फ्रेम रेट ठरवताना तुमच्या गोष्टीतली सगळ्यात वेगवान वस्तू कोणती ते बघा. चालणं, बोलणं, वळणं, झेंडा दाखवणं, हे सगळं १२ त भागतं. धावणंसुद्धा. सेकंदाला तीन पावलं, एका पावलाला चार फोटो, आणि ते थोडं वेड्यासारखं दिसतं, पण लेगोच्या माणसाने धावताना तसंच दिसावं. पट्टे, खिडक्या, जाळी, चाकं अशी एकसारखी नक्षी असलेली वस्तू वेगाने जाणार असेल तर मात्र अडचण येते. तेव्हा एकतर तिचा वेग कमी करा, नाहीतर तेवढ्याच भागाला जास्त फोटो द्या.

आम्ही दुसरं केलं. प्रोजेक्ट २४ वरच ठेवला. गाडीचे ७२ फोटो एकही न गाळता राहिले. बाकी सगळ्या फिल्मला माणूस एकदा सरकवायचा आणि बटण दोनदा दाबायचं. बटण दोनदा दाबायचं काम मला मिळालं.

न हलण्याचे फोटो

उरलेल्या ५१ सेकंदांचे १२ च्या हिशेबाने ६१२ फोटो होत होते. तेही जास्तच होते. मग आम्ही गोष्ट पुन्हा वाचली आणि कोण कधी हलत नाही ते शोधलं. आजोबा घड्याळाकडे बघत थांबतात. गाडी गेल्यावर रिकाम्या रुळांकडे बघत राहतात. लेगोच्या माणसाचं तोंड छापलेलं असतं, त्यामुळे बोलताना ओठ हलवायचा प्रश्नच नाही, मान जराशी वळवली की पुरतं. अशी मिळून १५ सेकंद निघाली, ज्यात एकच फोटो कॉपी करून वापरता येत होता. राहिली ३६ सेकंद, ४३२ फोटो. ७२ च्या हिशेबाने सहा बैठका. पाच संध्याकाळी आणि एक रविवारची सकाळ, नेमकं जमत होतं.

थांबलेली चित्रं म्हणजे कामचुकारपणा असं समजू नका. रिकाम्या रुळांकडे बघणारे आजोबा तीन सेकंद अजिबात हलत नाहीत, आणि आमच्या फिल्ममध्ये सगळ्यात जास्त हशा तिथेच पिकला.

बाकीच्या सूचना झटपट सांगते. पडदे बंद करून एकाच दिव्यात काम करा, नाहीतर दुपारची संध्याकाळ झालेली फिल्ममध्ये दिसेल. ॲपमध्ये एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा. पंखा बंद ठेवा (उकाड्यात दर वीस फोटोंनी सुट्टी घ्या). आणि खरी फिल्म सुरू करण्याआधी दोन सेकंदांची चाचणी करा. तुमचाच माणूस, तुमचाच फलाट, १२ ने २४ फोटो. अर्ध्या तासात कळतं की मुलाला किती धीर आहे, आणि आपल्याला किती.

खूप लहान मुलं असतील, पाच-सहा वर्षांची, तर ८ किंवा १० ठेवायलाही हरकत नाही. चित्रं सुटी दिसतील, पण मूल त्याच दिवशी आपली फिल्म बघेल. माझ्या मते त्या वयात तेच महत्त्वाचं. १५ घ्यावं ते ज्याने एक फिल्म पूर्ण केली आहे त्याने.

ब्रिकफिल्म, म्हणजे ठोकळ्यांच्या फिल्म, यांच्या इतिहासात सगळ्यात जुन्यांपैकी एक १९७३ ची आहे. डेन्मार्कमधल्या दोन शाळकरी मुलांनी सुपर ८ कॅमेऱ्यावर चंद्रावरच्या प्रवासाची फिल्म केली, तीही आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी. तेव्हा लेगोचा हा छोटा माणूसही नव्हता, तो १९७८ मध्ये आला. हे मी भाच्याला चौथ्या संध्याकाळी सांगितलं. त्याने विचारलं, "त्यांची पूर्ण झाली का?" झाली म्हटल्यावर पुढचे वीस फोटो न बोलता निघाले.

आमचीही पूर्ण झाली. वाढदिवसाच्या संध्याकाळी टीव्हीला फोन जोडून सगळ्यांना दाखवली. आजोबांनी दोनदा बघितली. पहिल्यांदा चष्मा न लावता, दुसऱ्यांदा लावून. सगळे टाळ्या वाजवत होते, ते मात्र काहीतरी विचार करत होते. मग नातवाला जवळ बोलावून म्हणाले, "सगळं छान आहे रे. पण गाडी अशी एकदम थांबत नाही. फलाटाला लागली की हळूहळू, हळूहळू येते. ब्रेक लावल्यावर आधी जास्त, मग कमी, मग अगदी बोटभर."

त्यांचं बरोबर होतं. शेवटच्या फोटोपर्यंत गाडी अर्धा अर्धा स्टडच सरकत होती. शेवटच्या दहा-बारा फोटोंत ती ३ मिलिमीटर, मग २, मग १, मग अर्धा अशी यायला हवी होती.

मी बंगळुरूला परत आले. काल भाच्याचा फोन आला होता. ते ३ सेकंद पुन्हा शूट होत आहेत, २४ नेच. गाडी सरकवायचं काम या वेळी आजोबांकडे आहे.